काकू आज खोलीतच थांबल्या

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या कोणाचाही विश्वास बसायचा नाही,” चष्मेवाले काका म्हणाले, आणि जीप सुटायच्या आधीच त्यांनी एक गोष्ट सोडली. “एका गिऱ्हाइकाला मी असा चष्मा करून दिला, असा चष्मा करून दिला, की दुकानाच्या दारात उभं राहून त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि त्याला परगावाहून निघालेली सासू दिसली. यायला अजून दोन दिवस होते तिला. गाडीत बसून शेंगा खात होती, टरफलं शेजारणीच्या पिशवीत टाकत होती. गडी तसाच धावत घरी गेला, दाराला कुलूप घातलं आणि बायकोला घेऊन पसार झाला. चष्म्याचं घर माझ्याकडेच राहिलं. अजून आहे.”

जीप लॉजच्या दारात नुसती धूर सोडत उभी होती. पुढे ड्रायव्हर. मधल्या बाकावर नुकतंच लग्न झालेलं जोडपं, दोघांच्याही कपड्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मागे, काकांच्या समोरच्या बाकावर, निवृत्त मुख्याध्यापिका बाई. ड्रायव्हरने आरशातून मान डोलवली. बाईंनी मफलर सारखा केला आणि म्हणाल्या, “असेलही.” नव्या नवरीचे ओठ मात्र कोपऱ्यात थरथरले. ती काहीतरी बोलणार तोच नवऱ्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अगं.”

काका वाट बघत राहिले. गोष्ट संपली होती, पण मिटली नव्हती.

काकांच्या गोष्टी मिटायची एक रीत होती. दुकानात काका काउंटरच्या पुढे असायचे, काकू मागे. गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेता घेता काका गोष्टीत हवा भरत जायचे, आणि काकू खाली मान घालून बारीक पेचकसाने चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत असायच्या. स्क्रू बसला की वर न बघता म्हणायच्या, “खोटं. सासू नव्हती, सासरा होता. आणि दोन दिवस लांब कुठला, पुढच्या चौकात होता.” सगळं दुकान हसायचं आणि गिऱ्हाईक नवा चष्मा घालून घरी जायचं. काकूंनी अख्खी गोष्ट कधी खोटी ठरवली नाही. त्या एखादंच टोक कापायच्या, आणि मग उरलेली गोष्ट एकदम खरी वाटायला लागायची. पुढच्या चौकातला सासरा कोणालाही दिसू शकतो. काही माणसं तर नंबर वाढलेला नसताना डोळे तपासायला यायची, केवळ हे ऐकायला.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होत आलं होतं.

तेव्हापासून काकांना कोणी खोटं पाडत नव्हतं. दुःखातल्या माणसाला कोण खोटं पाडणार? काका गोष्ट सांगायचे, माणसं मान डोलवायची, चहा मागवायची, जाताना खांद्यावर हात ठेवायची. काका आणखी मोठी थाप मारून बघायचे. खांद्यावरचा हात तेवढा जास्त वेळ राहायचा. दुकान बंद करून घरी निघताना त्यांच्या डोक्यात पाच-सहा गोष्टींची दारं सताड उघडी असायची आणि वारा नुसता आतबाहेर करत असायचा.

डोंगरावरच्या शहराचा हा बेत मुळात काकूंचा. वर राहायचं, रोज सकाळी जीपने आजूबाजूचं एकेक गाव बघून यायचं आणि संध्याकाळी परत खोलीवर. दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी नेमका तेव्हाच फ्रेमचा नवा माल यायचा. शेवटी एकदा दोन जागा राखून ठेवल्या, तर काकूंचा दवाखाना सुरू झाला. सहल पुढे ढकलली. मग सगळं उरकलं, घर शांत झालं, आणि एका दुपारी ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. “काका, तुमच्या दोन जागा तशाच ठेवल्यात. या सीझनला येताय ना?” एक जागा रद्द करायची म्हणजे का ते सांगावं लागलं असतं. काका म्हणाले, “येतो.” मुलगा म्हणाला, “बाबा, एकटे जाऊन काय करणार तिथे?” काका म्हणाले, “एकटा कुठे? जीपभर माणसं असतात.”

आता ड्रायव्हरने मागे वळून काकांच्या शेजारची खिडकीजवळची जागा बघितली. “काका, दुसरं माणूस यायचंय ना? बोलवा की. घाटात धुकं उतरायच्या आत निघायला हवं.”

काकांनी तोंड उघडलं. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते.

“आमची ही ना?” ते म्हणाले. “तिचा गुडघा धरलाय. काल पायऱ्या चढून चढून पार वाट लागली. आज खोलीतच थांबते म्हणाली.”

“बरोबर आहे त्यांचं,” ड्रायव्हर म्हणाला आणि गिअर टाकला. “हे शहर गुडघ्यांचं वैरीच आहे.”

ते खोटं नव्हतं. शहर असं उभं वसलं होतं की एकाच्या पत्र्यावर दुसऱ्याचं अंगण, आणि वरच्याने चहा सांडला तर खालच्याने नुसता कप पुढे करावा. न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या माणसाचा पाय घसरला तर तो थेट पोस्टाच्या खिडकीशी उभा राहायचा, आणि मग आलोच आहोत तर म्हणून तिकिटं घेऊन परत चढायचा. जीप उताराला लागली तशी काकांनी मागे वळून लॉजची खिडकी बघितली. आणि मघाशी तोंडातून निघालेल्या त्या थापेने त्यांच्या पोटात काहीतरी ऊबदार झालं. जणू खरंच त्या खिडकीमागे कोणीतरी पाय लांब करून बसलंय, ब्लँकेटला कुबट वास येतो म्हणून कुरकुरतंय, आणि संध्याकाळी हे परत आले की काय काय फेकतात ते ऐकायचं म्हणून दिवस ढकलतंय.

काकांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं. तीन दिवसांची सहल, ही जीपभर माणसं. यांच्या लेखी ती तीन दिवस जिवंत आहे. एवढं सांभाळायचं. नंतर जो तो आपापल्या गावाला.

पहिल्या दिवशी तळ्याचं गाव होतं. खाली गेल्यावर डोंगर मागे सरतो आणि पाणी एकदम समोर येतं, कोणी पडदा ओढल्यासारखं. जाता जाता काकांनी काकूंची सगळी ख्याती सांगून टाकली होती, स्क्रू आणि पेचकसासकट. नावेत बसल्यावर ते म्हणाले, “या तळ्यातल्या माशांना लांबचं दिसत नाही. आत्ता एक मासा वर येऊन माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. मी नजरेवरून नंबर ओळखतो. मायनस चार.”

“असेलही,” बाई म्हणाल्या.

“बिचारा,” नवरा म्हणाला.

नवरीला राहवलं नाही. “काका, काकू आत्ता इथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या?”

काका मान खाली घालून, हातात नसलेला स्क्रू पिळत म्हणाले, “खोटं. मायनस चार नाही, दोन. आणि मासा कुठला, तुमचंच तोंड दिसलं असेल पाण्यात.”

नवरी अशी हसली की नाव हलली आणि नावाड्याने वल्हं आडवं धरलं. बाईंनी मफलरमध्ये तोंड लपवलं. वर्षभरात पहिल्यांदाच काकांची एक गोष्ट मिटली, आणि मिटताना तिचा आवाजसुद्धा त्यांना ऐकू आला.

संध्याकाळी लॉजशी उतरताना नवरीने पर्समधून एक बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. “तेल आहे. आईने दिलंय मला. काकूंच्या गुडघ्याला लावा. गरम करून, आणि वरून खाली. उलटं चोळलं तर दुखणं वर चढतं म्हणते आई.”

“अगं,” नवरा म्हणाला, “त्यांच्याकडे असेल की औषध.”

“असू दे. तेलाला काय काटे आहेत?”

खोलीत दोन पलंग होते. एकावरचं ब्लँकेट काकांनी सकाळी चुरगळून ठेवलं होतं, दुसऱ्यावरचं लॉजवाल्यांनी दिलं तसंच घडी घातलेलं होतं. काकांनी कपभर गरम पाणी मागवून त्यात बाटली धरली, विजार वर सरकवली आणि स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलं. वरून खाली. तेलाला वास होता. “घोड्याचा वास आहे,” ते दुसऱ्या पलंगावरच्या घडीकडे बघून मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पाय ठेवतात तोच नवरीने विचारलं, “लावलं?”

“लावलं. ही म्हणाली, तेल गुणी आहे, पण वास घोड्याचा आहे. म्हणाली, त्या पोरीला विचारा, आईने हे माणसांसाठी दिलंय ना?”

जीप खदखदली. ड्रायव्हरने आरसा वळवून मागे बघितलं. “काकू आज पण नाहीत का?”

“आज सर्दी. गुडघा सुटला तर नाक धरलं.”

त्या दिवसाचं गाव काच फुंकणाऱ्यांचं होतं. गल्लीगल्लीत भट्ट्या, दारांच्या पायऱ्यांवर फुटक्या काचेची हिरवी रेती, आणि लांब नळ्यांच्या टोकाला लोंबणारे मधासारखे गोळे. काकांच्या अंगात वारं शिरलं. काचवाल्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, “मी एकदा भिंग घासलं, इतकं स्वच्छ, की टेबलावर ठेवलं ते सापडेचना. दिसलं तर सापडणार. दुकान बंद ठेवून सगळे जमिनीवर रांगतोय. शेवटी आमची ही खुर्चीवर बसली आणि किंचाळली.”

काचवाला परक्या पाहुण्यांसमोर हसावं तसा हसला. बाई म्हणाल्या, “असेलही.” नवरी म्हणाली, “उद्या सांगा हं, काकू काय म्हणाल्या याच्यावर.” मग नवरा पुढच्या दुकानात शिरल्यावर हळूच म्हणाली, “आणि आणखी एक विचारा त्यांना. नवरा सारखा अगं अगं करतो, तोंड उघडू देत नाही. काय करायचं त्याचं?”

“विचारतो,” काका म्हणाले.

परतीच्या वाटेवर जीपमधल्या सगळ्यांचीच काकूंशी ओळख झाली होती. ड्रायव्हर सांगत होता की त्याची चुलती अगदी अशीच, नाकावर माशी बसू देत नाही. बाईंनी विचारलं, काकू किती शिकल्या आहेत, आणि काकांनी दोन इयत्ता वाढवून सांगितल्या. वाटेत संत्री घेतली तर नवरीने दोन मोठी काकूंसाठी बाजूला ठेवली. खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवर ती संत्री ठेवून जीप घाट चढत होती, आणि वळणावर कोणी ना कोणी हात पुढे करून ती सावरत होतं.

काकांनी खोलीत दोन्ही संत्री खाल्ली. टाकवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तरं तयार होती. भिंगाबद्दल काकू म्हणाल्या, “खोटं. किंचाळलात ते तुम्ही, मी तर उठून उभी राहिले.” आणि नवऱ्याबद्दल म्हणाल्या, “अगं म्हणतो तोवर काही बिघडलेलं नाही. म्हणायचा थांबला की काळजी करायची.”

नवरीने वळून नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला, पण त्याचे कान लाल झाले. बाई म्हणाल्या, “शहाणी बाई आहे हो तुमची.” या खेपेला असेलही म्हणाल्या नाहीत.

सगळे खूश होते. काका मात्र नव्हते. रात्री अंथरुणावर पडून ही वाक्यं जुळवताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती आणि ती काट्यासारखी बसली होती. ही सगळी वाक्यं त्यांना आधीच ठाऊक असायची. काकूंचं वाक्य कधीच आधी ठाऊक नसायचं. चाळीस वर्षं काउंटरपलीकडून काय येणार याचा काकांना एकदाही पत्ता लागला नव्हता, आणि म्हणून तर ते गोष्टी सांगत होते. आता काउंटरच्या दोन्ही बाजूंना तेच उभे होते.

त्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव होतं. दगडी टाक्यांच्या काठावर गावोगावची म्हातारी माणसं पाय सोडून बसली होती, वाफेत नुसती तोंडं दिसत होती. नवरीने सलवार वर धरून पाण्यात पाय घातले आणि म्हणाली, “काका, आज तरी काकूंना आणायला हवं होतं. हे सगळं गुडघ्यांसाठीच आहे.”

“हो,” काका म्हणाले. त्यांनी गोष्ट सांगितली नाही. बाईंनी दोनदा त्यांच्याकडे बघितलं.

परतीचा घाट लागला तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून चालवत होता. नवरी मागे वळली आणि बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकवून म्हणाली, “काका, उद्या सकाळी आम्ही निघालो. आज मी तुमच्याबरोबर वर येणार. काकूंना भेटल्याशिवाय मी काही हलत नाही इथून.”

“अगं, दमल्या असतील त्या,” नवरा म्हणाला.

“दोन मिनिटं. झोपल्या असतील तर दारातून बघेन. तीन दिवस ज्यांचं ऐकतेय त्यांचं तोंड तरी बघू दे.”

“मलाही यायला आवडेल,” बाई म्हणाल्या.

बहाणे पुष्कळ होते. ताप आला म्हणता आलं असतं, भाचीकडे गेली म्हणता आलं असतं, डोंगरावर रुसून बसली म्हटलं असतं तरी या जीपने ते हसत हसत गिळलं असतं. आयुष्यभर ज्या तोंडाने त्यांना कधी दगा दिला नाही ते त्यांनी उघडलं. आणि त्यातून बहाणा निघेचना. त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली ती सकाळ येऊन उभी राहिली होती.

त्या सकाळी डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. काका परत आत आले, स्टुलावर बसले आणि त्यांनी जन्मातली सगळ्यात मोठी थाप मारली. डॉक्टर म्हणाले तू सुधारतेयस. आठवडाभरात घरी. मग जीपच्या त्या दोन जागा आहेत, डोंगरावर जाऊ, गरम पाण्याच्या गावाला तुला नेतो, गुडघे असे होतील की पायऱ्या धावत चढशील. सांगता सांगता त्यांनी मुद्दाम फटी सोडल्या होत्या. हिने कुठे पकडावं म्हणून, कुठलंही टोक कापावं म्हणून. आठवडाभर नाही, महिना, असं म्हणावं. धावत कुठली, असं म्हणावं. काकूंनी उशीवर मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं. दुकानात काम करताना त्या कधी वर बघायच्या नाहीत. आणि म्हणाल्या, “हो. खरंच जाऊ.” तेव्हा काकांना कळलं की हिला सगळं ठाऊक आहे.

“काका?” नवरी म्हणाली. “येऊ ना वर?”

“सकाळी मी तिला सांगितलं,” काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, जीपच्या घरघरीत सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. “म्हटलं, तुला त्या गरम पाण्याच्या गावाला नेतो. गुडघे पोरीसारखे होतील. पायऱ्या धावत चढशील.”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाली, हो. खरंच जाऊ.”

“वा,” ड्रायव्हर पुढून म्हणाला. “म्हणजे काकू पुढच्या खेपेला गाडीत.”

“छान झालं,” बाई म्हणाल्या.

नवरी हसली नाही. तिने हनुवटी उचलली. “छे,” ती म्हणाली. “हे काही मला पटत नाही.”

“अगं.”

“अगं काय? तीन दिवस ऐकतेय मी. त्यांनी माशाचा नंबर सोडला नाही, माझ्या आईच्या तेलाचा वास सोडला नाही. पायऱ्या धावत चढशील म्हटल्यावर त्या बाई हो म्हणतील? त्या म्हणाल्या असत्या, गुडघे माझे आहेत, तुमच्या गोष्टीतले नाहीत. काका, बाकी सगळं तुम्ही सांगाल ते, पण हे खोटं आहे.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. गुडघ्यांचं ते वाक्य त्यांना आधी ठाऊक नव्हतं.

“नाही पोरी,” ते म्हणाले. “तेवढं मात्र ती म्हणाली. शप्पथ. माझ्याकडे बघून म्हणाली.”

ड्रायव्हरने गिअर बदलला. नवरी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिने त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग परत चेहऱ्याकडे. नवऱ्याचा हात तिच्या मनगटावर होता, पण या खेपेला तो अगं म्हणाला नाही.

“मग काका,” ती म्हणाली, “काकू वर खोलीत नाहीत.”